हातचा एक

आमच्या साडूंइतक्या शाळांतून पहिली-दुसरीचं गणित तपासून आलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. साडू एसटीत ड्रायव्हर. कन्नडचा घाट ते शीळ घालत उतरतात, पण अठ्ठावीस अधिक सतरा म्हटलं की त्यांना घाम फुटतो. त्याचं कारण त्यांनीच मला एकदा सांगितलं. लहानपणी गुरुजींनी फळ्यावर बेरीज मांडली होती. आठ आणि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. साडूंनी विचारलं, "गुरुजी, हा हातचा येतो कुठून?" गुरुजींना वाटलं, पोरगं थट्टा करतंय. कानाखाली एक बसली, वर्ग खो-खो हसला, आणि साडूंनी गणिताच्या तासाला पुन्हा तोंड उघडलं नाही. पुढे दहावीत त्याच विषयात दोनदा आपटले. लेकीच्या वाट्याला हे येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. पण एवढ्याशा इच्छेपायी त्यांनी घरादाराला वेठीला धरलं.

लेक बालवाडीत असतानाच त्यांनी एक वही केली. पाढे कितीपर्यंत, शिकवताना मणी की काड्या, बाई चिडतात का, असे तिच्यात रकाने होते. राज्याचं पुस्तक, दिल्लीचं पुस्तक आणि कुठून तरी मिळवलेलं सिंगापूर पद्धतीचं पुस्तक, तिन्ही त्यांनी स्वतः सोडवायला घेतली. सिंगापूरवर त्यांचा राग का, तर त्यातली मुलं सारखी एकमेकांना सफरचंदं वाटत बसतात. "आपल्या पोरीला सीताफळं मोजायचीत," ते म्हणाले. "ह्यांचं काय कामाचं?" मणी सरकवण्याच्या क्लासचा पहिला तास फुकट होता, तर तिथंही हे मुलांच्या बाकावर जाऊन बसले. गुडघे असे अडकले की दोघांनी ओढून काढावं लागलं. मॅडमनी "उत्तर कोण सांगणार?" असं विचारलं तेव्हा हा चाळिशीचा माणूस सवयीनं मान खाली घालून बसला होता, हेही त्यांनीच सांगितलं.

सुट्टी मिळत नसल्यानं ते ड्यूटी संपली की खाकी कपड्यांतच शाळा बघायला जात. एका मोठ्या शाळेत कारकुनानं मान वर न करताच सांगितलं, "ड्रायव्हरची जागा भरली." साडू म्हणाले, "मी पालक हाय. तुमच्याकडं हातचा कसा शिकवतात तेवढं सांगा." कारकुनानं शिपायाला बोलावलं.

असं करता करता जून उजाडला, चांगल्या म्हणवणाऱ्या शाळांचे प्रवेश संपले, तरी वही काही पुरी होईना. शेवटी माझी मेहुणी म्हणाली, "आधी तुमचंच नाव घाला पहिलीत, पोरीचं मी बघते." आणि ती उस्मानपुऱ्यातल्या घरामागच्या साध्या शाळेत लेकीचं नाव घालून आली. त्या शाळेचं नाव वहीत नव्हतंच. साडू आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. "हिनं लई मोठी चूक केली," एवढंच मला म्हणाले.

पुढच्या वर्षी लेक दुसरीत गेली. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. लेक जमिनीवर काड्या पसरून गणित करत होती. साडूंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "हातचा कुठून येतो, ठाव हाय का?" ती म्हणाली, "दहा सुट्ट्या काड्या झाल्या की त्यांची जुडी बांधायची. मग ती सुट्ट्यांत कशी राहील? ती शेजारच्या, दशकाच्या घरात जाते. तोच हातचा."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी बाईंना विचारलं."

"रागावल्या?"

"का रागावतील?" ती म्हणाली आणि पुढच्या गणिताला लागली.

 साडू खुर्चीवरून उतरून तिच्याशेजारी मांडी घालून बसले. तिच्या देखरेखीखाली त्यांनी एक जुडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मला फार बरं वाटलं आणि तितकंच वाईटही वाटलं. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "साडूभाऊ, लई सोपं होतं हो हे."