ग्रहणात चिरलेली वांगी आणि एक किडनी

साताऱ्याच्या कॉलेजात मी वर्षानुवर्षं गर्भाची वाढ शिकवते. पोटात किडनी एका दमात होत नाही. आधी एक जोडी येते. आपल्या ती काही कामाची नसते, विरून जाते. मग दुसरी. माशाचं तिच्यावरच भागतं. कोंबडीची आणि आपली मात्र थोडे दिवस राबून जाते, पण जाण्याआधी तिच्या नळीला कोंब फुटतो आणि त्यातून जन्मभराची तिसरी घडते. कोंब फुटलाच नाही, तर त्या बाजूला किडनी नाही. हे सगळं पाचव्या आठवड्याच्या सुमाराला, बाईला दिवस गेलेत हे धड कळायच्या आत.

धाकट्या बहिणीच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाला एकच किडनी दिसली. एकीवर माणूस आयुष्य काढतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण विट्याजवळच्या तिच्या सासरी निकाल लागला होता: गेल्या महिन्यात ग्रहण होतं आणि हिनं वांगी चिरली. बहिणीनं जेवण टाकलं. फोनवर नुसती रडायची. "ताई, मीच कापली गं त्याची किडनी."

माझं डोकंच फिरलं. तडक तिच्या घरी गेले आणि सासूबाईंपुढे बसून सगळं समजावलं. ग्रहणाच्या कितीतरी आधीच हे ठरलं होतं, म्हटलं.

"आसंल," त्या म्हणाल्या. "पर वांगी चिरली न्हवं?"

पालथ्या घड्यावर पाणी! एवढ्या पोरांना पास केलं मी, ही एक बाई हलेना. म्हटलं, शेतातलं उदाहरण द्यावं.

"मावशी, उसाची कांडी लावता. एखाद्या डोळ्याला कोंबच येत नाही. तेव्हा कुणी काय चिरलेलं असतं?"

त्यांचा चेहरा उजळला. "व्हय की! बेणंच खराब आसतंय!" आणि त्यांनी बहिणीकडे असं पाहिलं, की मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. नवं कोलीत मीच हातात दिलं होतं.

बहीण इतका वेळ मान खाली घालून बसली होती. तिनं डोळे पुसले.

"आत्या, बेणं तर तुमच्या घरातलं हाय. रान तेवढं माझं."

सासूबाई उठून गोठ्याकडे गेल्या. बहिणीचं बोलणंही शास्त्राला धरून नव्हतंच. पण दुरुस्त करायला माझी जीभ उचलेना.

"ताई," ती म्हणाली, "भाकरी वाढ. लय भूक लागलीय."