बुलापेचं नेसूचं वस्त्र

मुशेंगे गावाच्या बाजूला बुलापेइतका बारीक टाका कुणाचा नव्हता, आणि तोच तिच्या मुळावर आला होता. कुळात कुणी मेलं की माणसं तिच्याच दारात. राफिया ताडाच्या धाग्याचं, नक्षी भरलेलं लांब वस्त्र नेसवल्याशिवाय पुरायचं कसं? पलीकडचे पूर्वज ओळखणार कसे? बुलापे स्वतःच्या मरणासाठी वस्त्र भरायला घेई, आणि ते दुसऱ्याच कुणाबरोबर मातीत जाई. एक मावशीबरोबर गेलं, एक मावसबहिणीबरोबर. पुन्हा कुणासाठी तरी कुळातले थोरले क्वेते मामा मागायला आले, तेव्हा ती वैतागली.

"दरवेळी माझंच का?"

"अगं, तू जिवंत आहेस. तुला काय घाई?"

"म्हणजे जिवंत राहिले ही चूक माझीच."

दिलं मात्र तिनं. वर चार दिवस भांडी आपटली.

मग कोरड्या दिवसांत तिला ताप भरला, तो उतरेना. औषध देणाऱ्या म्हाताऱ्यानं आशा सोडली. आता हिला काय नेसवायचं? घरात भावानं विणलेलं कोरं कापड तेवढं होतं. मामांनी बायका बोलावल्या, एकेकीला एकेक तुकडा दिला. थोरली बहीण मबोयो पुढारी झाली. बुलापे शुद्धीत नाही असं समजून त्या तिच्या उशाशीच बसून भरू लागल्या. मबोयोनं कासवाच्या पाठीची नक्षी धरली. भाची न्गोकाडी हळूच म्हणाली, मावशीला गाठींची नक्षी आवडते.

"आता ती कुठं बघायला बसलीय?" मबोयो म्हणाली.

बुलापेनं डोळे उघडले. "आण इकडं."

तिनं तुकडा चेहऱ्याशी धरला. "हे कासव? याच्यावरून हत्ती गेलाय, ताई. हे नेसून पलीकडं गेले तर आई मला दारातूनच परत पाठवील."

भाचीनं आधार देऊन बसवलं. बुलापेनं सुईच्या टोकानं मबोयोचे टाके उसवायला घेतले. दुसऱ्या दिवशी तिनं कसाव्याच्या कंदाची उकड मागितली. रिकाम्या पोटी सुई धरवत नव्हती. हळूहळू तापही गेला. मामा सांगत सुटले की त्यांनीच आणलेल्या मुळीचा गुण. मबोयोला मात्र आपलं काम उसवल्याचा इतका राग आला की पाऊस सुरू होईपर्यंत ती बहिणीच्या अंगणात फिरकली नाही.

बुलापेला त्याचं वाईट वाटलं, पण ताईचे टाके तिनं परत घातले नाहीत. आता ती आपलं वस्त्र भरते तेव्हा शेजारी न्गोकाडी शिकायला बसते.

"धागा आधी तळव्यावर चोळ, मऊ होऊ दे," बुलापे म्हणते. "किती वेळा सांगायचं गं?"