मुकादमाचं नाव घेणारी

‘पुन्हा त्याचं नाव घेत नाही म्हण. मंग दोर सोडतो,’ मुकादमाचा भाऊ म्हणाला आणि त्यानं काठी पुन्हा उचलली.

कापसाच्या जिनाच्या आवारातल्या कडुनिंबाला तिला बांधलं होतं. दोर कोणाच्या तरी बंडीचा, म्हणजे बैलगाडीचा, होता. उजवं मनगट भलतीकडे वळलेलं दुरूनही दिसत होतं. ओठ फुटला होता. भर दुपारची वेळ, कापूस घेऊन आलेले बंडीवाले बैल सोडून गोल करून उभे होते, आणि त्यातला एकही हलत नव्हता.

तिनं तोंडातलं रक्त थुंकलं. म्हणाली, ‘तुह्या सांगण्यानं काहून सोडू? तुही नोकर हाय का मी?’

काठी पुन्हा बसली.

‘नोकर हाय का मी?’ हे तिचं नेहमीचं बोलणं. आम्हा जिनातल्या बायांना ते पाठ होतं. कोणी म्हटलं, अमकीनं तुला शिवी दिली, तूही दे, तर ती म्हणायची, ‘तिनं देल्ली म्हणून मी काहून देऊ? तिची नोकर हाय का मी?’ कोणी म्हटलं, मुकादम तुझ्याकडे डोळे वटारून पाहतो, तूही पाहा, तर तेच. दुसऱ्याच्या रागानं आपण रागवायचं म्हणजे त्याच्या हुकमात राहायचं, असं तिचं गणित होतं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण तिनं ते कसं चालवलं ते मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हंगामातली ही गोष्ट. दारव्ह्याच्या एका जिनात मी रेच्यावर होते. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणारं यंत्र. दिवाळीपासून होळीपर्यंत काम चालायचं. ओळीनं रेचे, एकेका रेच्यावर एकेक बाई, हातानं कापूस पुढे सारायचा, मधे खडा आला तर उचलून टाकायचा. माझ्या शेजारच्या रेच्यावर ती. माझ्याहून वयानं मोठी, ठेंगणी, आवाज मात्र गड्यासारखा. ती ख्रिस्ती होती. आमच्यात ती एकटीच.

तिचा नवरा त्याच जिनात दाबावर, म्हणजे रुईच्या गाठी दाबणाऱ्या यंत्रावर, होता. दाबाखाली रुई टाकायची, पायानं बसवायची, बाहेर निघायचं, मग मुकादमानं हात वर केला की दाब खाली येतो. एक दिवस मुकादमानं हात आधीच वर केला. माणूस आतच होता.

मुकादमानं मालकाला सांगितलं, तो दारू पिऊन होता, सांगितलं तरी निघाला नाही. मालकानं मान हलवली आणि गोष्ट मिटली. त्या माणसानं कधी दारूला हात लावला नव्हता, हे दारव्ह्यात कोणीही सांगितलं असतं. पण विचारलं कोणी नाही.

तुम्हाला वाटेल, ती जिन सोडून गेली असेल. ती सुतकाचे दिवसही न पाळता कामावर आली. त्यांच्यात सुतक नसतं, असं ती म्हणाली. आणि त्या दुपारी भोंगा झाला, आम्ही सगळ्या कडुनिंबाखाली भाकरीची फडकी सोडून बसलो, तेव्हा तिनं डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सुरू केलं:

‘प्रभू, माहा नवरा पेलेला नोयता, हे तुले ठाऊक हाय अन् मुकादमालेबी ठाऊक हाय. त्याले माफ कर. त्याचे डोळे दुखून राह्यले, ते बरे कर. त्याच्या घरी भलं होऊ दे. आमेन.’

आणि मधे त्याचं नाव. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मी ते इथं लिहीत नाही, तिनं पुरेसं घेतलं आहे.

आम्ही घास हातात धरून बसलो. मग एक म्हातारी बाई म्हणाली, ‘वो माय, एवढं नाव तं त्याची घरवालीबी घेत नाही.’ हसू आलं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आणि ही परकी बाई, तीही विधवा, रोज दुपारी भर आवारात त्या माणसाचं नाव घेऊ लागली.

रोज म्हणजे रोज. पहिलं वाक्य तेच. पुढचं दर दिवशी बदलायचं. कधी मुकादमाच्या डोळ्यांसाठी, कधी त्याच्या पायातल्या कुरुपासाठी. एकदा तिनं त्याच्या म्हशीसाठी मागितलं, म्हैस दूध देत नव्हती म्हणून. मुकादम तराजूजवळ उभा होता. तो धावत आला.

‘माह्या म्हशीचं तुले कोणी सांगतलं?’

‘तुमच्याच घरून कळलं. आटली ना?’

‘माहं नाव घ्याचं नाही. आजपासून बंद.’

‘रेच्यावर तुमी सांगसान ते करीन मुकादम. देवाशी बोलाले तुमची नोकर हाय का मी?’

त्याला शिव्या परवडल्या असत्या. शिव्या तो रोज खात होता. कामावरून काढावं तर तिच्यासारखी खडा ओळखणारी बाई नव्हती, मालक सोडत नव्हता. आणि चांगलं मागणाऱ्या बाईला काय म्हणून काढणार? तो दुपारचा आवारात राहिनासा झाला. भोंगा झाला की घरी जायचा. पण त्याचं घर जिनाच्या मागेच होतं आणि तिचा आवाज मी सांगितला तसा होता.

एकदा मी तिला विचारलं, ‘बाई, खरं सांग, त्याचं भलं व्हावं असं वाटते तुले?’

‘नाही वाटत,’ ती म्हणाली.

‘मंग मागते कायले?’

‘आमच्या प्रभूनं सांगून ठेवलं हाय. जो छळते त्याच्यासाठी मागा. मनात येईन तवा मागा असं नाही सांगतलं.’

‘अन् हे सांगणाऱ्याचं काय झालं?’

‘खिळे ठोकले त्याले.’

‘पाहा मंग.’

‘ठोकणाऱ्याइसाठीबी मागतलं त्यानं. खिळे अंगात असताना.’

‘म्हणजे तुमच्यात कोणी सुधरत नाही,’ मी म्हटलं. ती खो खो हसली आणि माझ्या भाकरीवरची चटणी उचलून घेतली.

माघ लागला आणि मुकादम तापानं पडला. अंगात हुडहुडी भरायची, गोधड्यांवर गोधड्या टाकाव्या लागायच्या, मग घामानं भिजून उठायचा. एक दिवस बरा, की पुन्हा तेच. त्याचा भाऊ जिनातच कामाला होता, त्यानं नेरहून एक मांत्रिक आणला. मांत्रिकानं तांदूळ टाकून पाहिले आणि म्हणाला, ‘याचं नाव कोणीतरी धरून हाय. रोज घेते.’

झालं. आता तुम्हीच सांगा, या गावात त्याचं नाव रोज घेणारी कोण, हे कोणाला विचारायची गरज होती?

मला सगळ्यात राग आला तो याचा. भाऊ एकटा असता तर समजलं असतं. पण बाया, ज्या रोज तिच्यासोबत भाकरी खात होत्या, ज्यांनी तिचा शब्द न शब्द ऐकला होता, त्याही म्हणू लागल्या, ‘खरं असीन माय. ज्यानं नवरा मारला त्याचं भलं कोण मागते? तोंडानं भलं म्हणत असीन, मनातून उलटं.’ करणी केली म्हटलं तर सगळ्यांना लगेच पटलं. माफ केलं, हे मात्र कोणाच्या डोक्यात शिरेना.

तर दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. ती डोळे मिटून बसली. पहिलं वाक्य झालं, आणि भावानं तिला केसांना धरून उठवलं. पुढचं मी वर लिहिलं आहे.

काठी किती वेळा बसली ते मी मोजलं नाही. मी मधे पडले, तर एकानं मला ढकलून दिलं. भाऊ ओरडत होता, ‘उलटं घे. करणी काढून घे.’ ती म्हणत होती, ‘काय काढू? त्याच्या डोळ्याइसाठी मागतलं ते काढू? म्हशीचं काढू?’ तिनं फक्त एवढं म्हणायचं होतं की नाव घेत नाही. दोन शब्दांत सुटली असती. म्हणाली नाही. उलट त्या दोरात उभी राहून तिनं राहिलेली प्रार्थना सुरू केली, आणि तिच्यात भावाचंही नाव घातलं. भावानं काठी दोन्ही हातांनी धरली ते मी पाहिलं. त्याला खरंच वाटलं की आता आपली पाळी.

भीतीनं माणूस जास्त मारतो. ही आता मरते, हे मला कळलं. मी जिनाच्या मागे पळाले.

मुकादमाची बायको चुलीपुढे होती. मी म्हटलं, ‘वैनी, तुमच्या दिराच्या हातून खून होऊन राह्यला.’ ती पिठाचे हात तसेच घेऊन निघाली. ती बाई घराबाहेर कधी बोललेली मी ऐकली नव्हती. पदर डोक्यावरून घसरला तरी तिनं सावरला नाही. सरळ झाडाजवळ गेली आणि दिराची काठी आणि बांधलेली बाई यांच्या मधे उभी राहिली.

‘भाऊजी, याइचं नाव या गावात शिवी देल्ल्याशिवाय कोण घेते?’

मग ती गोलाकडे वळली.

‘मी घेऊ शकत नाही. तुमी त्याइच्या पाठीमागं काय म्हणता ते मले ठाऊक हाय. हे एक बाई चांगल्यासाठी घेते. तिलेबी मारून टाका. मंग कोण उरते?’

मागे एक बंडीवाला फिसकन हसला. मग दुसरा. तो गोल तिथंच मोडला. बायकोनं पिठाच्या हातांनी गाठ सोडली.

दोर सुटला तशी ती खाली बसली. पाणी मागितलं नाही. मुकादमाच्या बायकोला म्हणाली, ‘थंडी वाजून येते का ताप? एक दिवसाआड?’

‘हो.’

‘हिवताप हाय. मिशनच्या दवाखान्यात कोयनेल भेटते. तांदूळ कायले टाकत बसले?’

एकाच बंडीत दोघांना दवाखान्यात नेलं. खाली थोडी रुई, एकीकडे मुकादम गोधडीत कुडकुडतो आहे, दुसरीकडे ती मनगट मांडीवर धरून. मी तिला धरायला, त्याची बायको त्याला. वाटेत तिनं डोळे मिटले. मुकादमानं गोधडीतून तोंड काढलं.

‘हिले गप करा कोणी.’

‘तुमची नोकर...’ ती म्हणाली, आणि दुखण्यानं वाक्य अर्धं राहिलं. मी हसले. त्याची बायकोही हसली. रडणारं कोणी नव्हतं त्या बंडीत.

मालकानं नंतर विचारलं, कोणी मारलं. तिनं भावाकडे बोट केलं. ‘यानं मारलं. याले कामावरून काढू नोका.’ मी म्हटलं, बाई, याला तरी कामावरून जाऊ दे. ती म्हणाली, ‘खोटं बोलली का मी? नाही ना. मंग बाकीचं मले करू दे.’

तिचं मनगट वाकडं जुळलं, कारण बरं व्हायच्या आधीच ती रेच्यावर आली. डाव्या हातानं कापूस सारायची. दुपारी झाडाखाली तेच. पहिलं वाक्य, मग मुकादमाचं भलं. आता भावाचंही.

मुकादम उठला, हिंडू लागला. एक दिवस दुपारी तो घरी गेला नाही. आमच्यापासून हातभर दूर उभा राहिला आणि खाली पाहत म्हणाला, ‘बाई, एक आयक. बाकी सारं चालू दे. पयलं वाक्य तेवढं सोड.’

तिनं तोंडातला घास संपवला. मग म्हणाली, ‘पयलं सोडलं तं माफी कायची मागू?’

तो गेला.

पुढची काही वर्षं असंच चाललं. मग तिच्या छातीत पाणी झालं आणि वणीजवळ तिचा भाऊ होता तो तिला घेऊन गेला. जाताना मला म्हणाली, ‘माहा रेचा नीट पुसत जा.’ दुसरं काही नाही. त्या हिवाळ्यात ती तिकडेच वारली, असा निरोप आला.

निरोप आला त्या दुपारी भोंगा झाला. आम्ही बसलो. नाव घेणारी नव्हती. आमच्यात दुसरं कोणी ख्रिस्ती नव्हतं, आणि मला तसलं मागता येत नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. मुकादम तराजू सोडून आला. टोपी काढून झाडाखाली उभा राहिला. त्याचे डोळे शेवटपर्यंत बरे झाले नाहीत, पाणी गळायचंच.

‘तिचा नवरा पेलेला नोयता,’ तो म्हणाला. ‘मी हात आधी वर केलता.’

भाऊ समोरच होता, बंडीवाले होते, मालकाचा मुनीम होता. सगळ्यांनी ऐकलं. मुकादम तिथंच उभा राहिला, जणू पुढचं, माफीचं वाक्य कोणीतरी घेईल. कोणी घेतलं नाही. मी भाकरी खात राहिले.

माराच्या त्या दिवसातून ती वाचली होती. तापातून मुकादम वाचला होता. ती आधी गेली. तो तिच्यामागे पुष्कळ वर्षं जगला.