नापास झालेली भिंत

आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत लायब्ररीला हवी आहे, असं मुलानं मला जेवताना सांगितलं. जेवत तो होता, वाढत मी होते. माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

"भिंत?" मी म्हटलं. "लायब्ररीला पुस्तकं लागतात ना रे?"

"आई, चेष्टा नको. मी हो म्हणून आलोय."

तो शहराच्या बांधकाम खात्यात नोकरीला आहे. साहेबांपुढे हो म्हणायची सवय लागलीय, ती घरी आल्यावरही उतरत नाही. पण माझ्या भिंतीला परस्पर हो? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती भिंत काय आहे ते त्याला माहीत आहे, तुम्हाला नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगते. राग तोवर थांबेल. तो काही कुठे जात नाही.

भिंत बांधली आमच्या ह्यांनी. हे गवंडी. सगळे ह्यांना ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन लावून सोडतात, तो ओळंबा. ह्यांना दोरी लागायची नाही, डोळे पुरायचे. कुणाच्या दारात उभे राहिले की पहिलं वाक्य, "चौकट डावीकडे झुकलीय." शेजाऱ्यांच्या भिंतीला पोट सुटलंय, हे ह्यांनी शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नात, व्याह्यांच्या देखत सांगितलं. त्यानंतर बोलावणी यायची ती माझ्या एकटीच्या नावानं.

लग्न झाल्यावर माझ्या बहिणीला तिच्या नवऱ्यानं सिनेमाला नेलं. मला ह्यांनी कोर्टाचा कोपरा बघायला नेलं. समोरचाही नाही, मागचा, जिथे सायकली लावतात. "हात फिरव," म्हणाले. मी नवे कपडे घालून, सायकलींच्या गर्दीत, भिंतीवरून हात फिरवला. दोन दगडांमधली फट नखाला लागत नव्हती. "आमचं काम," म्हणाले. 'मी बांधलं' असं हे जन्मात कधी म्हणाले नाहीत.

कोर्ट झालं, घड्याळाचा मनोरा झाला, नदीवरचा पूल झाला. शहर भराभर वाढत होतं. आणि आमच्या दोन खोल्यांची मागची बाजू पत्र्याची होती. वारा सुटला की पत्रा थडाथडा वाजायचा. मी म्हणायची, "अहो, शहराचं आटपलं असेल तर जरा आपलंही बघा." हे म्हणायचे, "बघू." गवंड्याच्या घरात 'बघू' हा शब्द सिमेंटपेक्षा लवकर घट्ट होतो.

मग लायब्ररीचं काम निघालं. नकाशे काढणारे मोठे आर्किटेक्ट साहेब परदेशात शिकून आलेले. मोठी इमारत बांधायची तर आधी जागेवर पुरुषभर उंचीची भिंत बांधून दाखवावी लागते. तिला नमुना म्हणतात. साहेबांनी नमुना पास केला की सगळी इमारत तशीच बांधायची. काम संपलं की नमुना पाडून टाकतात. हा नमुना बांधायला ह्यांना सांगितलं, आणि ह्यांच्या अंगात आलं. दगड निवडायला खाणीवर स्वतः गेले. एकेक चिरा घडवायचे, लावायचे, उतरवायचे, पुन्हा घडवायचे. घरी आले की केसांत, पापण्यांत, कानांत दगडाची धूळ. रात्री खोकायचे आणि खोकता खोकता सांगायचे, "आज दुसरा थर बसला."

साहेब आले. नमुन्यावरून हात फिरवला. "सुंदर," म्हणाले. "पण असंच बांधत बसलो तर लायब्ररीचं उद्घाटन माझा नातू करेल. दाराभोवती थोडं घडीव काम करा, बाकी साधं बांधा आणि गिलावा मारा."

"आणि हा नमुना?" ह्यांनी विचारलं.

"पाडा. हवा तर घेऊन जा."

जगात भिंत वाईट झाली म्हणून नापास होते. आमची चांगली झाली म्हणून नापास झाली. त्या दिवशी हे घरी आले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी हातगाडी घेऊन गेले आणि दगड आणायला लागले. साहेबांनी सांगितलेली साधी भिंत दिवसा बांधायची, आणि संध्याकाळी नापास झालेली भिंत घरी ओढून आणायची. मी विचारलं, "आता ही कुठे ठेवायची?" तर ह्यांनी पत्रा काढला आणि ती तिथे, माझ्या स्वयंपाकघराला लावली. दुसरी भिंत पोपडे आलेली, तिसरी वाकडी, आणि चुलीमागे राजवाडा!

माझ्यासाठी बांधली असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. साहेबांवर रुसून बांधली. आणि बांधल्यावर मला तिला हात लावायची बंदी. एक खिळा ठोकू दिला नाही. "दगडाला खिळा? तुझ्या कपाळाला ठोकू का?" असं म्हणायचे. शेल्फ नाही, खुंटी नाही. भांडी सगळी जमिनीवर. आयुष्यभर मी खाली वाकून भांडं घेतलं, वाकून ठेवलं. माझे गुडघे त्या भिंतीत गेलेत म्हणा ना. तरी उन्हाच्या दिवसांत दुपारी सगळं आवरल्यावर मी तिला पाठ टेकून बसायची. अख्ख्या घरात तेवढीच जागा थंड.

दगडाच्या धुळीनं शेवटी ह्यांची छाती खाल्ली. डॉक्टरनं विचारलं, "काय काम करता?" हे म्हणाले, "तुमच्या खिडकीची चौकट उजवीकडे गेलीय." त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

तर अशी ती भिंत. आता लायब्ररीच्या दाराशेजारचे दगड खराब झाले. तसला दगड दुसरीकडे मिळत नाही, कारण ती खाण बुजवून तिच्यावर घरं बांधली. आणि माझ्या शहाण्यानं ऑफिसात बढाई मारली, "आमच्या किचनला तोच दगड आहे."

दोन दिवसांनी तो दुरुस्तीचं काम बघणाऱ्या आर्किटेक्ट पोरीला घेऊन घरी आला. पोरगी लहानखुरी, बुटांना चिखल, बोलायला गोड. भिंत बघून तिचं तोंड उघडंच राहिलं. खिशातून टेप काढला.

"टेप आत ठेव," मी म्हटलं. "अजून काही ठरलेलं नाही."

"आजी, मला वाटलं, तुमचं बोलणं झालंय."

"माझ्या मुलाचं झालंय. माझं आता सुरू होतंय."

मुलगा म्हणाला, "आई, आम्ही तुला नवीन भिंत बांधून देऊ. टाइल्स लावून. शेल्फसकट. आणि तसं पाहिलं तर हे दगड लायब्ररीचेच ना?"

"असं?" मी म्हटलं. "मग तुझे बाबाही लायब्ररीचेच. निम्मे तिथेच राहिले, धुळीत. उरलेले मला दिले. तेही न्यायला या!"

सूनबाई दारात उभी होती. ती हळूच नवऱ्याला म्हणाली, "मी सांगितलं होतं, आधी आईंना विचारा." तो तिच्यावर डाफरला. मी त्याच्यावर डाफरले. पोरगी बिचारी मध्ये टेप धरून उभी.

मग ती म्हणाली, "आजी, आजोबांनी ही भिंत लायब्ररीसाठीच घडवली होती. ती शेवटी तिथे लागेल. त्यांना आवडलं नसतं का?"

हे तिनं बोलायला नको होतं. कारण आवडलं असतं. साहेबांनी ह्यांच्या मरणानंतर जरी निरोप पाठवला असता, तरी हे हातगाडी घेऊन निघाले असते. हे मला पक्कं ठाऊक आहे आणि म्हणूनच माझं डोकं जास्त भडकलं. ह्यांनी एका शब्दावर देऊन टाकली असती. पण हे गेले. भिंतीपाशी मी राहिले. तिची काजळी मी घासली, तिच्यापायी मी वाकले. ह्यांना विचारून झालं असेल तर जरा मलाही विचारा.

"मला ती खराब झालेली जागा दाखव," मी म्हटलं. "माझी भिंत कशाच्या ठिगळाला लागणार आहे, ते मला बघू दे."

मुलगा म्हणाला, "तुझे गुडघे..."

"गुडघ्यांची आठवण आज झाली होय?"

गेलो रिक्षानं. लायब्ररीच्या आत मी कधी गेले नव्हते, बांधकाम चालू असताना दारापर्यंतच यायची, ह्यांचा डबा घेऊन. दाराच्या उजव्या अंगाला बघितलं. दगडांचे पापुद्रे सुटले होते. हात कोपरापर्यंत आत जाईल असा खळगा. हिरवं शेवाळ. साहेबांना परवडेल एवढंच असलं, तरी हेही ह्यांचंच काम होतं. आणि मी उभी होते तिथे माझ्या डोक्यावर पाणी पडलं. टप्. वर बघितलं. खिडकीतून एसीची प्लास्टिकची नळी बाहेर काढलेली, आणि तिचं तोंड नेमकं त्या दगडांवर.

"हे कधीपासून गळतंय?" मी विचारलं.

दारावरचा पहारेकरी म्हणाला, "मी लागलो तेव्हापासून. त्याच्या आधीपासूनही असेल."

मी पोरीकडे बघितलं. ती खाली बघायला लागली. "आजी, मी लिहून कळवलंय. पण एसीचं खातं वेगळं आहे."

"आणि माझ्या भिंतीचं खातं कुठलं?"

मुलगा म्हणाला, "आई, लोक बघतायत." बघू देत म्हटलं. माझा आवाज वाढला होता आणि मला तो कमी करायचा नव्हता. "तुमची भिंत तुम्ही पाणी पाजून मारली. माझी नेऊन लावलीत की तिच्यावरही हीच नळी सोडणार. एकदा चांगली होती म्हणून पाडायला सांगितली. आता ठिगळाला हवी. नाही देणार. एक दगड नाही, एक कपची नाही. आणि तू," मुलाला म्हटलं, "आता ऑफिसात जा आणि माझं 'नाही' साहेबांना सांग. तुला हा शब्द जड जाईल, वाटेत म्हणत म्हणत जा."

मग पहारेकऱ्याचं स्टूल ओढलं. मुलगा "अगं, पडशील" म्हणत धावला. म्हटलं, "मग तूच चढ." चढला बिचारा, इस्त्रीच्या कपड्यांत. माझ्या पिशवीची नाडी सोडून त्याला दिली, आणि त्यानं ती नळी बाजूला ओढून खिडकीच्या गजाला बांधली. पाणी गटारात पडायला लागलं. झालं! इतकी वर्षं एवढ्यासाठी दगड कुजत होता.

पहारेकरी म्हणाला, "आजी, ह्याची परवानगी घेतलीय का?"

"नाही. त्या पाण्यानं घेतली होती?"

पुढे पंधरवडाभर मुलगा माझ्याशी सूनबाईच्या मार्फत बोलत होता. "आईला विचार, चहा घेणार का." मी समोर बसलेली. मीही म्हणायची, "त्याला सांग, घेणार." पण ऑफिसात त्यानं माझं 'नाही' सांगितलं होतं, स्वतःच्या तोंडानं, हे मला सुनेकडून कळलं. साहेबांनी त्याला तासभर बोल लावले. त्यानं ते घरी आणले नाहीत. तेवढ्यापुरता तो ओळंब्याचा मुलगा.

खात्यानं मग काय केलं? खळग्यात सिमेंट भरलं, वरून दगडाचा रंग दिला आणि रंगावर ब्रशनं रेघा ओढल्या, दगड लावलेत असं दिसावं म्हणून. मुलगा मला म्हणाला, "बघ, तुझ्या हट्टामुळे शहराच्या दाराला चित्रातले दगड लागले." मला वाईट वाटलं. वाटलंच. पण भिंत दिली असती तरी मला वाईटच वाटलं असतं, वर स्वयंपाकघरात टाइल्स बघाव्या लागल्या असत्या.

एका दुपारी ती पोरगी एकटीच आली. मी दार अडवून उभी राहिले.

"न्यायला नाही आले, आजी," ती म्हणाली. "नुसती बघू?"

भिंतीसमोर जमिनीवर बसली, भांड्यांच्या मधोमध. सांधे बघितले, बोटानं एकेक चिरा चाचपला. बराच वेळ गेला. सूनबाई भाजी चिरत होती, तीही थांबली.

"आणि साहेबांनी ही नापास केली?" पोरीनं विचारलं.

"सुंदर म्हणाले. मग पाडा म्हणाले."

"आम्हाला कॉलेजात त्यांच्या लायब्ररीवर अख्खा धडा होता. मला पाठ होता." तिचे कान लाल झाले. आणि मग तिनं त्या मोठ्या साहेबांना, आणि त्यांच्यामागोमाग आपल्या खात्याला आणि त्या रेघा ओढणाऱ्या ब्रशला, अशी एक शिवी दिली की सुनेच्या हातातली सुरी खाली पडली.

पोरगी दचकून माझ्याकडे बघायला लागली. "सॉरी आजी."

"सॉरी कसलं," मी म्हटलं. "जरा मोठ्यानं म्हण."