मॉर्टेमरला न पोचलेला नारळ

माझ्या बहिणीचे यजमान डेरेक मंगळवारी सकाळी सिंगापुरात, नोव्हेनाच्या रुग्णालयात वारले. ताई खाली कॉफी आणायला गेली होती. ती वर आली तेव्हा नर्स पडदा ओढत होती.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. ताईला विचारूनच हे लिहितो आहे.

डेरेक मॉर्टिमर सिंगापूरचे युरेशियन, म्हणजे युरोपी-आशियाई मिश्र वंशाचे. वडील सेम्बावांगच्या गोदीत कारकून, ते स्वतः तिथेच जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख करणारे. घरी इंग्रजी, रविवारी चर्च, जेवणात आमच्या आमटीइतकीच तिखट करी. टॅक्सीवाले त्यांना विचारायचे, "यू फ्रॉम व्हेअर?" ते म्हणायचे, "सिंगापूर." मग हमखास पुढचा प्रश्न, "नो लाह, रिअली फ्रॉम व्हेअर?" जन्मभर हा प्रश्न त्यांनी हसून टाळला, कारण उत्तर नव्हतंच. आजोबा मलाक्काहून आले एवढं माहीत होतं. त्यामागे काही नाही.

लग्न ठरलं तेव्हा आमचे अण्णा पुण्याहून आले होते. इथल्या टॅम्पिनीस भागातल्या फ्लॅटमध्ये त्यांनी होणाऱ्या जावयाला समोर बसवलं आणि मला दुभाष्या केलं.

"गाव कोणतं यांचं?"

"टॅम्पिनीस," भावोजी म्हणाले.

"तो पत्ता झाला. मी गाव विचारतोय. आम्ही नेरूरकर, आमचं नेरूर. मॉर्टिमर कुठले?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. भावोजी हसले नाहीत. नंतर ते मला म्हणाले होते, की टॅक्सीवाल्याच्या प्रश्नाचा अर्थ 'तू इथला नाहीस' असा असतो. तुझ्या वडिलांनी मात्र माझं एक गाव असणारच असं धरून विचारलं... अण्णांनी जाताना आणखी एक सांगून ठेवलं. गाव सापडलं की जोडीने जायचं आणि नारळ ठेवून यायचं. धर्म कुठलाही असो.

मी इथल्या विद्यापीठात इतिहासाचं संशोधन करतो, त्यामुळे शोध माझ्याकडे आला. गाव सापडायला वेळ लागला नाही. फ्रान्सच्या उत्तरेला, नॉर्मंडीत, मॉर्टेमर नावाचं लहानसं खेडं आहे; मॉर्टिमर हे त्याचंच इंग्रजी रूप. लॅटिनमध्ये त्या नावाचा अर्थ मेलेला समुद्र, म्हणजे साचलेलं, न वाहणारं पाणी. तिथल्या सरदारांनी आपल्याकडच्यासारखंच गावाचं नाव लावलं. पुढे त्यांच्या ड्यूकची मर्जी फिरली आणि गढी काढून दुसऱ्याला दिली गेली. गाव गेलं, नाव राहिलं. ड्यूकने इंग्लंड जिंकल्यावर ते कुटुंब तिकडे गेलं, वेल्सच्या सीमेवर मोठं झालं. त्यांच्यातला एक राजापेक्षा वरचढ झाला आणि फासावर गेला. काही पिढ्यांनी मुलगे संपले, थोरली शाखा मुलींच्या सासरी विरून गेली.

भावोजींना मी हे सगळं सांगितलं आणि प्रामाणिकपणे हेही सांगितलं, की त्या घराण्यापासून मलाक्कापर्यंत मधली काही शतकं कोरी आहेत. खलाशी, कारकून, अनाथाश्रम, बाप्तिस्मा... वसाहतींमध्ये आडनावं कुठूनही येत. रक्ताचं नातं असेलच असं नाही.

"तुझ्याकडे नेरूरपर्यंतचे सगळे पूर्वज लिहिलेले आहेत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"देन व्हाय ओन्ली मी मस्ट शो प्रूफ?"

 

जायचं मात्र राहत गेलं. त्यांच्या मुलीची, रियाची शाळा, मग तिच्या परीक्षा, मग गोदीतली कामं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी दोन उपचारांच्या मधे थोडे दिवस मोकळे दिले, आणि भावोजींनी त्यांतच जायचं ठरवलं. ताईने लिटिल इंडियातून शेंडीचा नारळ आणला, टॉवेलात गुंडाळला. त्या नावाच्या दोन जागा आहेत, आपली म्हणजे ते लहान खेडं, हे मी भावोजींना बजावून सांगितलं होतं. पण तिघं फ्रान्सला पोचल्यावर गाडीत भावोजी औषधांच्या गुंगीत होते आणि रियाने फोनवर नाव टाकून पहिली आली ती जागा निवडली. रस्ता त्यांना जंगलातल्या एका पडक्या मठापाशी घेऊन गेला. भिंती, तळं, बदकं. तिकीट देणाऱ्या बाई आडनाव ऐकून म्हणाल्या, ते मॉर्टेमर हे नव्हे. ते पुढे, तासाभराच्या अंतरावर.

भावोजी तळ्याकाठी बाकावर बसले होते. त्यांना पुन्हा गाडीत बसवेना.

"नील, इथेच ठेव. पाणी इथेही आहे," ते ताईला म्हणाले.

"ममा, जस्ट पुट लाह," रिया म्हणाली.

ताई अण्णांची मुलगी. म्हणाली, "दुसऱ्याच्या दारात आपला नारळ ठेवायचा नसतो. उद्या सकाळी आपल्या गावी जाऊ."

सकाळी त्यांना ताप होता. दोन दिवस तिथल्या दवाखान्यात काढून ते थेट विमानतळावर आले. नारळ परत टॅम्पिनीसला आला.

मी शेवटचा भेटलो तेव्हा भावोजींचा आवाज अगदी खाली गेला होता. "कोकोनट कुठे आहे?" त्यांनी विचारलं. घरी आहे म्हणालो. "माझ्यापेक्षा जास्त फिरला तो." हसायला गेले आणि कळ आली. मी म्हणालो, मी जाऊन ठेवून येईन. त्यांनी मान हलवली. "राहू दे. पहिल्या मॉर्टिमरांना तरी कुठे ठेवून घेतलं त्या गावाने?" मग डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली. थोड्या वेळाने म्हणाले, "बघायचं मात्र होतं मला."

हे वाक्य मी ताईला बरेच दिवस सांगितलं नाही. शेवटी सांगितलं, कारण ती मला दर भेटीत एकच विचारते, "ठेवू दिला असता तिथेच, तर काय बिघडलं असतं रे?"  बिघडलं काहीच नसतं, हे तिला माहीत आहे. आणि ते त्यांचं गाव नसतं, हेही तिला माहीत आहे.

नारळ देव्हाऱ्याच्या बाजूला आहे, भावोजींच्या आईच्या क्रूसाशेजारी. ताई तो फोडत नाही, समुद्रात सोडत नाही आणि मला नेऊही देत नाही. परवा तिची पाठ वळलेली असताना मी तो उचलून कानाशी हलवला. आतलं पाणी आटलं आहे.