पन्ना काढल्यावर उरलेलं

मे महिन्यात माझा नवरा, माधव, गेला. ऑफिसात, खुर्चीत. मी तेव्हा लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर होते. हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन उभे होते.

जयपूरला आम्ही त्याच्या बदलीमुळे आलो. मला इथे रत्नं तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी मिळाली. व्यापारी खडा आणून देतात. तो खाणीतला की कारखान्यातला, त्याच्यावर काय प्रक्रिया झाली आहे, हे आम्ही तपासतो आणि रिपोर्ट देतो. माझ्या टेबलावर खडा नुसत्या नंबरानं येतो. मालकाचं नाव मला कळत नाही.

माधवनंतर मुलीनं, मुक्तानं, बंगलोरहून माझा ब्लॉग उघडून दिला. "आई, तू बोलत नाहीस. निदान लिही. बाबांवर लिही."

मी प्रयत्न केला. ‘माधव शांत होता’ असं लिहिलं आणि खोडलं. तो टीव्हीवरच्या बातम्यांशीसुद्धा भांडायचा. ‘त्याला पोहे आवडायचे’ लिहिलं, तेही खोडलं. पोहे कोणाला आवडत नाहीत? कितीतरी आठवडे ब्लॉगवर फक्त माझं नाव होतं.

मग एक पन्ना तपासायला आला. पाचूला इथे पन्ना म्हणतात. त्याच्या आत एक बारीक पोकळी होती. तिच्यात थेंबभर द्रव आणि एक बुडबुडा. खडा जमिनीत तयार होताना जे आत अडकतं, त्याला आम्ही इन्क्लूजन म्हणतो. त्यावर मात्र मी एका बैठकीत लिहिलं. मध्येच घरातलं एक वाक्य आलं, ते राहू दिलं. मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो जोडला आणि पोस्ट टाकली. नंबर नाही, नाव नाही. शिवाय मराठीत. जयपुरात कोण वाचणार?

पुढच्या सोमवारी लॅबचे प्रमुख सक्सेना सरांनी बोलावलं. "मॅडम, ज़रा अंदर आइए."

त्यांच्या समोर विमलजी बसले होते. पन्न्याचे जुने व्यापारी. त्यांच्या मोबाईलवर माझी पोस्ट होती.

"मेरे पन्ने में तेल ज़्यादा है, ये मुझे आपके ब्लॉग से पता चलेगा?"

पन्न्यात बारीक भेगा असतात. त्यांत तेल भरतात, त्यामुळे त्या दिसेनाशा होतात. हे सगळेच करतात. तेल किती, यावर सौदा ठरतो, आणि ते फक्त मालकाच्या रिपोर्टात लिहायचं असतं. मी ते एका ओळीत लिहून टाकलं होतं. रिपोर्ट अजून गेलाही नव्हता.

सरांनी माझी बाजू घेऊन पाहिली. "नाम तो किसी का नहीं लिखा इन्होंने."

"नाम? अपनी भैंस को कोई नाम से पहचानता है क्या, सक्सेना साहब? पूरे बाज़ार का देखा हुआ माल है. सुबह से तीन फ़ोन आ गए."

खड्याच्या आतल्या खुणा बोटांच्या ठशांसारख्या असतात. एकाच्या दुसऱ्यात सापडत नाहीत. हे मी दरवर्षी ट्रेनींना शिकवते. आणि देवनागरी तर इथल्या प्रत्येक दुकानाच्या पाटीवर असते.

नोकरी गेली तर सकाळी उठून जायचं कुठे, एवढंच डोक्यात फिरत होतं. दुर्गापुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बसणं मला जमलं नसतं.

"माफ़ कीजिए," मी म्हणाले. "पूरी पोस्ट अभी हटा देती हूँ."

"ठहरिए." विमलजींनी चष्मा लावला. "मराठी है, आधी ही समझ में आई. पर ये कूलर कहाँ से आया? मेरे पन्ने में कूलर भी है क्या?"

मी वाकून पाहिलं. ‘आत जे होतं ते तसंच राहिलं. कूलर अजून माधवच्या खुर्चीकडे तोंड करून चालतो.’

सर हळूच म्हणाले, "मॅडम के हस्बैंड... मई में."

विमलजींनी मोबाईल उलटा ठेवला. मग म्हणाले, "फोटो हटाइए. तेल वाली लाइन भी. बाकी में मेरा कुछ नहीं है."

मी तिथेच पोस्टमधून फोटो हटवला, ती ओळही हटवली. त्यांचा सौदा त्या महिन्यात झाला नाही. तो माझ्यामुळे अडला का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. मला लेखी ताकीद मिळाली. नोकरी राहिली. लॅबमधला फोटो बाहेर पाठवायला आता सरांची सही लागते. ट्रेनींना मी पूर्वीचंच शिकवते, फक्त एक वाक्य वाढलं आहे: नाव झाकलं म्हणजे खडा झाकला जात नाही.

ब्लॉगवर एक पोस्ट आहे. तिच्यात आता पन्ना नाही; त्याच्याबद्दलच्या उरलेल्या ओळीही मी नंतर हटवल्या. कूलर आहे, खुर्ची आहे, माधवचं नाव आहे.