मोठीबाईची कावीळ

मोठीबाईचं पोट दुखायला लागलं की ती कामाला लागायची. बाकी बायका दुखलं की पडतात, ती वाकायची. अंगण झाडायची, भांडी घासायची, काहीच नसलं तर चुलीपुढची स्वच्छ जागा पुन्हा सारवायची. वाकलं की तिला बरं वाटायचं. त्यामुळे घरच्यांना तिचं दुखणं दिसायचं नाही, कामच दिसायचं. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तर बांधीत, धानाच्या खाचरात, सगळ्याच बायका चिखलात वाकलेल्या. त्यात एकीच्या उजव्या बरगडीखाली कळ आहे हे कोणाला कळणार? मला कळायचं. ती माझ्या बाजूला असायची आणि कळ आली की तिचं गाणं थांबायचं. हात थांबायचे नाहीत.

ती माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन गोंदियाजवळच्या गोरेगावकडच्या या गावात आले तेव्हा मला चारचौघांत बोलता येत नव्हतं. अजूनही फार येत नाही. माझ्या वाटचं तीच बोलायची. बाजारात कोणी मला काही विचारलं की म्हणायची, "तिले कायले विचारता, मले विचारा." माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. "लहानी" म्हणायची. मीही तिला नुसतं "बाई" म्हणायची.

कळा फार वाढल्या तेव्हा भासरे, म्हणजे तिचे मालक, तिला गोंदियाला घेऊन गेले. सोबतीला मी होते. मशीन फिरवून डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या थैलीत पथरी आहे, थैली निकालनी पड़ेगी. येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. मला म्हणाली, "पाय वो लहानी, अंगावर सोनं नाही झालं, पोटात गोटे झाले." आणि हसली.

ऑपरेशनला ती नाही म्हणाली नाही. "रोवणा होऊ दे" म्हणाली. रोवणा झाला. मग "धान घरी येऊ दे" म्हणाली. भासरेही नाही म्हणाले नाहीत आणि चल असंही म्हणाले नाहीत. मी भासऱ्यांशी बोलत नाही, आमच्यात लहान भावाची बायको बोलत नाही. मी माझ्या मालकांना सांगायची, ते त्यांना सांगायचे. एवढ्या वळणानं जाता जाता गोष्ट हलकी होऊन जायची. "बाईचं दुखून राहिलं" निघायचं आणि "जरा पोट बिघडलं आहे" होऊन पोचायचं.

तोवर घरीच सांभाळायचं ठरलं. डॉक्टरांनी तेलातुपाचं बंद केलं होतं. मी तिच्यापुरती तांदळाची पेज करायची, दुधी-लौकी नुसती शिजवायची, वरणाला फोडणी नाही. कळ आली की तव्यावर फडकं गरम करून शेक द्यायची आणि लिहून दिलेली गोळी. ती पेज पिताना म्हणायची, "लेकराचं जेवण जेवून राहिली मी. आता रांगायले लागंन." थोडे दिवस बरे जायचे. बरे दिवस आले की ऑपरेशनचं कोणी काढायचं नाही. तीही काढायची नाही.

दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या दिवशी घराघरांत पाहुणे येतात. कढईपुढे मोठीबाईच बसली, कारण वडे तिच्यासारखे कोणाला जमत नव्हते. मी म्हटलं, मी तळते. म्हणाली, "तू जाळशील." सगळ्यांना वाढून झाल्यावर दोन वडे तिनं खाल्ले. मी पाहिलं हे तिनं पाहिलं. "काऊन पायतं? जीभ तर नाही काढली न डॉक्टरनं," म्हणाली.

त्यानंतर दोन-चार दिवसांत तिचे डोळे पिवळे झाले.

पथरी वेगळी आणि कावीळ वेगळी, असंच आम्ही धरलं. पथरीला डॉक्टर आणि काविळीला माळ. आमच्याकडे कावीळ झाली की माळच घालतात. पलीकडच्या गावात एक म्हातारा आहे, तो झाडाच्या काड्यांची बारीक माळ करून डोक्यावर ठेवतो. ती हळूहळू मोठी होते, गळ्यात उतरते, मग खाली खाली येते. माळ जितकी उतरली तितकी कावीळ उतरली, असं. त्यानंही तेल आणि हळद बंद केली. पेज चालूच होती. कळा कमी झाल्या. भासरे म्हणाले, "माळ लागू पडली." रोज सकाळी शेजारच्या बायका यायच्या, माळ कुठवर आली ते पाहायच्या. मोठीबाई पदर बाजूला करून दाखवायची. "पाहा, माझ्यापेक्षा माळेचीच तब्येत चांगली."

माळ छातीखाली आली आणि तिला थंडी वाजून ताप आला. दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. त्या दिवशी ती कामाला उठली नाही. वाकलीही नाही. भिंतीकडे तोंड करून पडली. मी माझ्या मालकांना सांगितलं नाही. थेट भासऱ्यांच्या पुढं गेले आणि म्हणाले, गाडी आणा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडी आणली.

गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, थैलीतला खडा नळीत अडकला आहे. कावीळ त्याचीच. आत पू झाला आहे, नागपूरला न्या. नर्सनं कात्रीनं माळ कापली आणि माझ्या हातात दिली. मोठीबाई शुद्धीवर होती. म्हणाली, "लहानी, घरी जा. पोट्टे उपाशी असतीन." मी घरी आले. पोरांना जेवू घातलं. भासरे तिला नागपूरला घेऊन गेले, तिथं दुसऱ्या दिवशी ती गेली. मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, हिला धक्का बसला. मला काही बसलं आहे असं वाटत नव्हतं. स्वयंपाक करत होते, गोठा काढत होते.

पुढच्या वर्षी शेजारच्या सुनेचे डोळे पिवळे झाले. तिचा सासरा माळेसाठी निघाला होता, मोटारसायकल चालू होती. मी कुंपणाशी जाऊन तिला विचारलं, "उजवीकडे दुखते का वो? जेवल्यावर?" ती हो म्हणाली. मग मी सासऱ्याला म्हटलं, माळेले नका जाऊ, गोंदियाले न्या, आजच न्या. तो म्हणाला, "तुले काय समजते?" मी म्हटलं, एवढंच समजते. आणि तिथून हलले नाही. शेवटी त्यानं गाडी गोंदियाकडे वळवली.

ती बरी होऊन आली. एका दुपारी आमच्या ओसरीवर आली, लुगडं जरा बाजूला करून पोटावरचे बारीक टाके दाखवले. "आता काहीच नाही दुखत, काकू," म्हणाली.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. टाके पाहिले. बरं झालं, म्हटलं. ती बसली होती तेवढ्यात मी लाखोरीची भाजी निवडायला घेतली, आणि तीही निवडू लागली.